अविराचनने निवडलेले चार टायर

केरळातल्या तीकोयीच्या बाजारात अविराचन चकित झाल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. डोंगराचा एक तुकडा सुटून बसथांब्यापर्यंत आला, चर्चचे पाद्री विकारअच्चन मोटरसायकलसकट ओढ्यात गेले, एका निवडणुकीत तर दोन उमेदवारांना सारखीच मतं पडली. सगळा बाजार कपाळावर हात मारून घ्यायचा आणि हा बाबा मान जराशी तिरपी करून म्हणायचा, "असं होय!" की पुन्हा हातातली शीट उजेडाकडे.

शीट म्हणजे रबराची. झाडाचा चीक तबकात आम्ल घालून गोठवायचा, यंत्रातून लाटून काढायचा, आधी उन्हात आणि मग धुरात वाळवायचा, की टॉवेलाएवढी, मधाच्या रंगाची शीट तयार होते. ती व्यापाऱ्याकडे आली की तिची प्रत ठरवायला जाणता माणूस लागतो. तीकोयीत तो माणूस म्हणजे अविराचन, आणि तोही अडतीस वर्षं. शीट दोन्ही हातांनी उजेडात धरायची, अंगठा दाबायचा, नाकाशी न्यायची आणि म्हणायचं, "चौथी प्रत." त्यावर अपील नाही. डोंगरावरून आलेले आडदांड लोकसुद्धा मान खाली घालून जायचे.

एकदा एक बाई डोक्यावरून गठ्ठा घेऊन आली. अविराचनने वरची शीट उचलली, पाहिली आणि विचारलं, "नवरा आजारी आहे का गं?" बाई दचकलीच. "तुम्हाला कुणी सांगितलं?" "सांगायला कशाला हवं? तुझा नवरा आम्ल थेंब मोजून घालतो. हे कुणीतरी भांडं कलंडून ओतलंय." बाईने तिथेच कबूल केलं, की दिराने ओतलं. नवरा आठ दिवस तापाने पडला होता. ही गोष्ट तीकोयीत अजून सांगतात, आणि सांगताना तापाचे दिवस वाढतच जातात. सध्या एकवीसवर आलेत.

तर असा हा माणूस. त्याच्या दारात एक पांढरी छोटी गाडी होती, अकरा वर्षांची. चर्चला जायला, लग्नाला जायला, पाला गावी दवाखान्यात जायला तीच. आणि तुळा महिन्यातल्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या, एका रविवारी ती गाडी, प्रार्थना आटोपून सगळी मंडळी पायऱ्यांवर उभी असताना, चर्चच्या शेवाळलेल्या उतारावरून ब्रेक दाबूनही आपल्या मर्जीने खाली गेली आणि विकारअच्चनच्या क्रोटनच्या तीन कुंड्या फोडून थांबली.

आत बसलेली एलीकुट्टी, अविराचनची बायको, तोंडावर हात ठेवून बसली होती. हात काढला आणि आपल्या संताचा धावा करत म्हणाली, "अरुवित्तुराच्या वल्यच्चा! अहो माणसा, उतरा आणि टायर बघा जरा."

अविराचनने उतरून बघितलं. टायर त्याच्या टकलाइतके गुळगुळीत झाले होते.

"असं होय," तो म्हणाला.

"असं होय नाही! गुरुवारी आपल्याला टिन्सीला आणायला जायचंय. वागमणचा घाट आहे तो, तुमच्या शेठच्या दुकानाची पायरी नव्हे. या टायरवर माझी पोर आणि पोरीच्या पोटातलं पोर मी बसू देणार नाही. नवे घाला, नाहीतर मी बसने जाऊन बसनेच आणीन तिला."

टिन्सी त्यांची एकुलती एक. डोंगरावर कट्टप्पना गावी दिलेली. नवरा कुवेतला, घरी सासू सोशाम्मा आणि ती. सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. तेव्हा आईबापांनी पलाहारांच्या, म्हणजे फराळाच्या, टोपल्या घेऊन जायचं, जेवायचं आणि मुलीला घेऊन यायचं, ही रीत. बसने आणली असती तर दोन्हीकडच्या नातेवाइकांनी पुढची दहा वर्षं पुरेल एवढा विषय केला असता. अविराचनला ते कळत होतं. शिवाय रबराची खरेदी म्हटल्यावर त्याच्या अंगात वेगळाच हुरूप आला होता. आयुष्यभर दुसऱ्यांचं रबर पारखलं, आता स्वतःसाठी पारखायचं!

सोमवारी तो खाली एराट्टुपेट्टाला परीदच्या टायरच्या दुकानात गेला. परीदचा बाप हयातभर अविराचनकडे शीट घालायचा, त्यामुळे दुकानात शिरताच परीदने स्टूल पुसून दिलं.

"कसले टायर दाखवू, अच्चाया?"

"चांगले."

"ते तर सगळेच मागतात."

"मागतात सगळे. कळतात किती जणांना?"

परीद हसला आणि आतून एक टायर गडगडवत घेऊन आला. अविराचनने तो उजेडाला नेला. फिरवला. आणि एकदम दोन पावलं मागे सरला.

"परीदे! अरे, बुरशी आलीय याला!"

खरंच, टायरच्या कडेला फिकट तपकिरी झाक होती. पावसाळ्यात कोंदट खोलीत राहिलेल्या शीटवर येते, अगदी तशी.

"बुरशी कुठली? मागच्या महिन्यात कारखान्यातून आलाय हा."

"मागच्या महिन्यात? म्हणजे अजून ओलाच की!"

परीदला वाटलं चेष्टा चाललीय. तो मोकळेपणाने हसला. मग त्याच्या लक्षात आलं की अविराचन हसत नाहीये.

"आणि हे केस कसले?" टायरभर उभे असलेले रबराचे बारीक तंतू अविराचन चिमटीत धरून दाखवू लागला. "असली केसाळ शीट आमच्याकडे आली तर मी आणणाऱ्याला दाराबाहेर उभा करतो."

"अच्चाया, साच्याला बारीक भोकं असतात, त्यातून रबर येतं बाहेर. नवेपणाची खूण आहे ती. उलट केस बघूनच घेतात लोक."

अविराचनने अंगठा दाबला. टायर किंचित दबला आणि परत वर आला. "मऊ आहे."

"मऊच हवा. मऊ असेल तर रस्ता धरील."

"रस्ता ड्रायव्हर धरतो. रबर वाळलेलं हवं, कडक हवं, काळजात ओल नको. तू टायर विकतोस परीदे, मी रबर बघतो."

असे त्याने चार टायर बाद केले. पाचवा आणायला परीद आत वळला, आणि तेवढ्यात अविराचनची नजर दुकानाच्या दारापाशी गेली. तिथे एकावर एक चार टायर रचून वर प्लास्टिकच्या फुलांची परडी ठेवलेली. काय तो रंग! काळेभोर, चकचकीत, आरशासारखे. अविराचनने परडी खाली ठेवली, वरच्या टायरवर अंगठा दाबला. अंगठा पांढरा झाला, टायर हलला नाही. नाक लावलं. वास म्हणून नाही. डाग नाही, केस नाहीत, बुरशी नाही.

"पहिली प्रत!" तो दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि हे असे दडवून ठेवतोस होय?"

परीद बाहेर आला आणि त्याचा चेहराच बदलला. "ते नाहीत विकायचे, अच्चाया. शोभेचे आहेत. एका टॅक्सीवाल्याने मागवले, मग टॅक्सी विकून तो दुबईला गेला. तेव्हापासून पडलेत. दर शुक्रवारी मी पॉलिश मारतो त्यांना. जुना माल आहे."

"जुना?" अविराचनचे डोळे लकाकले. "किती जुना?"

"बरीच वर्षं झाली. तेच तर सांगतोय."

आता इथे चूक कुणाची म्हणायची? परीद खरं बोलत होता, तोंड भरून खरं बोलत होता. पण शीटच्या धंद्यात जुना माल म्हणजे सोनं. जितकी वाळलेली, जितकी धुरात मुरलेली, तितकी शीट चढ्या दराची. आणि अविराचनचा शेठ स्वतः तेच करायचा: उत्तम गठ्ठे मागच्या खोलीत ठेवायचे आणि गिऱ्हाइकाने विचारलं की तोंड पाडून म्हणायचं, "ते नाही हो विकायचे." त्यामुळे परीद जितका नको नको म्हणाला, तितकी अविराचनची खात्री पटत गेली.

"हा आकडा तरी बघा," परीद टायरच्या अंगावरचे चार बारीक अंक दाखवायला वाकला.

"रबर वाचायचं नसतं परीदे, बघायचं असतं."

दुसरा कुणी असता तर परीदने त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण हे अविराचनचे डोळे होते. याच डोळ्यांवर बापाचं घर चाललं होतं, आणि या डोळ्यांनी बापाला एकदाही फसवलं नव्हतं. परीदची जीभच अडली. क्षणभर त्यालाच वाटलं, न जाणो, माणसाला आपल्यापेक्षा रबरातलं जास्त कळत असेल. तरी टायर चढवून झाल्यावर खिडकीत वाकून तो म्हणाला, "गावातल्या गावात फिरवा अच्चाया. घाटात नेऊ नका. वचन द्या मला."

"हो, हो," अविराचन म्हणाला आणि गाडी चालू केली.

तीन दिवस त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला टायर दाखवले. लोक मान डोलवायचे. अविराचनने निवडले म्हटल्यावर बघायचं तरी काय! फक्त एलीकुट्टी म्हणाली, "गाडी आधीपेक्षा जास्त आदळतेय का हो?"

"घट्ट रबर आहे. तुला सवय नाही."

गुरुवारी सकाळी निघाले. मागच्या सीटवर अच्चप्पम, कुळलप्पम, अवलोसुंडा आणि नेयप्पमच्या टोपल्या. एलीकुट्टी पुढे, मांडीवर देवाची माळ. तुळा महिन्यात दुपारी तीन वाजले की डोंगरावर ढग फुटतात, तेव्हा त्याआधी खाली उतरायचं असा बेत होता. घाट लागला. एका बाजूला कापलेला काळा कडा, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. अर्ध्या घाटात स्टिअरिंगमधून एक धडधड येऊ लागली, एका लयीत, पिठाच्या गिरणीसारखी.

"गाडी थरथरतेय," एलीकुट्टी म्हणाली.

"रस्ता खराब आहे."

"रस्ता तर आत्ताच नवा केलाय!"

"म्हणूनच. अजून बसला नाही."

एलीकुट्टीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि माळेचे मणी जरा भराभर सरकवायला लागली.

कट्टप्पनाला अकराच्या आत पोचले. सोशाम्मा दारातच होती. ही बाई म्हणजे एक प्रकरण. पंचविसाव्या वर्षी विधवा झाली, वेलदोड्याचा मळा एकटीने सांभाळला, आणि तीस वर्षं स्वतः जीप चालवून चिखलातून पोती बाजारात नेली. साडीखाली रबरी बूट घालून चर्चला जाणारी त्या भागातली ती एकटीच. टिन्सी तिच्या मागून हळूहळू आली, पोटावर हात, चेहऱ्यावर तुकतुकी. "चाच्चा!" म्हणून तिने बापाचा हात धरला, आणि अविराचनला तेवढ्यानेच प्रवास फळाला आल्यासारखं वाटलं.

जेवण झक्क झालं. बदकाचं मटण, अप्पम, वर केळ्याचं पायसम. आळीतल्या बायका टोपल्यांतले जिन्नस चाखायला आणि टिन्सीला निरोप द्यायला जमल्या. साडेबारा वाजले. सोशाम्मा केळ्यांचा घड आणि वेलदोड्याची पिशवी गाडीत ठेवायला स्वतः बाहेर आली. डिकी लावली आणि जीपवाल्यांच्या सवयीने टायरला एक लाथ मारून बघितली.

आणि पाय धरून उभी राहिली.

"आई गं! टायर आहेत का दगड?"

"पहिली प्रत आहे सोशाम्मा," अविराचन पायरीवरून हसत म्हणाला. "सोमवारीच घातलेत नवे कोरे."

सोशाम्मा खाली बसली. घाटातली धूळ टायरवर बसली होती. तिने पदराने ती पुसली, तर धुळीबरोबर शुक्रवारचं पॉलिशही आलं. बोट अंकांवर ठेवून ती मोठ्याने वाचायला लागली, "दोन, दोन, एक, तीन. बाविसावा आठवडा, साल तेरा." तिने वर बघितलं. "अविराचन, हे टायर नऊ वर्षांचे आहेत."

"छे!"

"छे काय? हा टायर जन्मला तेव्हा तुमची टिन्सी शाळेत होती."

"दहावीत," टिन्सी दारातून हळूच म्हणाली.

"आकड्याचं काय घेऊन बसलीस," अविराचन खाली उतरत म्हणाला, "रबर जितकं मुरेल तितकं..."

"लोणचं आहे का ते?"

जमलेल्या बायकांतली एक फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली, कारण सोशाम्मा उठून उभी राहिली होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तुम्ही आलात, जेवलात, आनंद झाला. पण माझी सून या गाडीत बसणार नाही."

बाळंतपणाला न्यायला आलेल्या बापाला मुलीशिवाय परत पाठवणं! हे कुणी ऐकलं नव्हतं, पाहिलं तर मुळीच नव्हतं. एलीकुट्टीच्या हातातली टिन्सीची पिशवी खाली पडली. "सोशाम्मा, असं नका हो बोलू," ती म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तर म्हणालात पहिली प्रत!"

अविराचनचे कान लाल झाले. "अडतीस वर्षं, सोशाम्मा! अडतीस वर्षं मी रबर बघतोय. वाऱ्यावर लटकलेली शीट बघून सांगतो कुठल्या मळ्याची. आणि तू मला..."

"मग बघा ना," ती म्हणाली. "मी कुठे डोळे धरलेत तुमचे? आता पॉलिश गेलंय. बघा."

तो गुडघ्यावर बसला. टायरच्या खाचेत दोन्ही अंगठे घातले आणि शीट ताणतात तशी खाच फाकवली.

आत भेगा होत्या. एक-दोन नव्हे, आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. त्याने दुसरी खाच बघितली. तिसरी बघितली. या भेगा तो ओळखत होता. आढ्यावर विसरून गेलेली, वर्षानुवर्षं तशीच राहिलेली शीट खाली काढली की तिला हेच होतं. हात लावताच ती पापडासारखी मोडते, आणि तो स्वतः ती न बोलता कचऱ्यात टाकत आला होता.

उठला तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळ्यांच्या समोर, त्या बायकांच्या, विहिणीच्या, बायकोच्या समोर त्याने सांगितलं, "सोशाम्मा बरोबर बोलतेय. यात मीसुद्धा माझ्या पोरीला बसवणार नाही."

कट्टप्पनाच्या चौकात तंगप्पनचं टायरचं दुकान आहे. मैलभरच वाट, पण सोशाम्माने अविराचनला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवली, बैलगाडीच्या वेगाने. तंगप्पनने जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं, टायर आडवा टाकला आणि पलटला.

"देवा रे!" तो म्हणाला.

टायरच्या आतल्या अंगाला, जी बाजू गाडीखाली लपलेली असते, तिथे लिंबाएवढा फुगा आला होता. तंगप्पनने नखाने टोचलं तर वरचा पापुद्रा सुटला आणि आतले पांढरे दोरे दिसले.

"कुठून आलात चेट्टा?"

सोशाम्मानेच सांगितलं, "तीकोयीहून. वागमणच्या घाटाने."

"आज?"

"आज सकाळी."

तंगप्पनने हातातला पाना खाली ठेवला. तो काही ख्रिस्ती नव्हता, पण त्यानेही छातीवर क्रूस काढला. "चेच्ची, हा परतीच्या घाटात फुटला असता. चढताना फुटला नाही हेच आश्चर्य म्हणायचं. उतरताना ब्रेक, वळण, वर भरल्या गाडीचं ओझं."

अविराचन दुकानाच्या पायरीवर बसला. तोंड उघडं, नजर त्या फुग्यावर. सकाळची ती धडधड आता त्याला परत ऐकू येत होती. अर्ध्या घाटापासून कट्टप्पनापर्यंत ती त्याला सांगत होती आणि तो बायकोला सांगत होता, की रस्ता अजून बसला नाही. तो मनातल्या मनात गाडीत माणसं बसवायला लागला: पुढे एलीकुट्टी, मागे टिन्सी, टिन्सीच्या पोटात ते. डावं चाक. डावीकडे कडा नव्हे, उतरताना डावीकडे नुसती हवा.

"पाणी द्या रे त्यांना कुणी," सोशाम्मा म्हणाली.

पाणी पिऊन तो जरा माणसात आला तेव्हा तंगप्पनने नवे टायर समोर ठेवले होते. कडेला तीच तपकिरी झाक, अंगभर तेच केस. सगळे त्याच्याकडे बघत होते. अविराचनने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"ही बुरशी..." तो कसाबसा म्हणाला.

"बुरशी नव्हे चेट्टा. कारखान्यात रबरात औषध घालतात, ते हळूहळू वर येतं. ते आहे म्हणून रबर तडकत नाही. जुन्याचं ते सगळं संपलेलं असतं."

अविराचन त्याच्याकडे बघतच राहिला. अडतीस वर्षं त्याच्या हातांखालून रबर गेलं, डोंगर भरेल इतकं गेलं. लॉरीत चढलं की त्याचं काम संपलं. पुढे त्या शीटचं काय होतं, ती दळतात कशी, तिच्यात काय घालतात, हे त्याने एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच सुचलं नव्हतं. परीदने वाकून आकडा दाखवला, केसांचं सांगितलं, मऊपणाचं सांगितलं, शेवटी वचनसुद्धा मागितलं. एवढं सगळं एका माणसाने सांगितलं आणि आपण ऐकलं नाही, याचाच त्याला आता सगळ्यात मोठा धक्का बसला होता.

"सोशाम्मा," तो म्हणाला, "तूच वाच बाई."

सोशाम्माने चारही टायरांचे आकडे वाचले. यंदाचेच होते, एकतिसावा आठवडा. डिकीतली स्टेपनी काढली तर ती गाडीबरोबर आलेली, अकरा वर्षांची. "ही काय बाळाच्या बारशाला ठेवलीय?" म्हणत तिने तीही बदलायला लावली. पुढच्या दोन चाकांचे कोन जुळवून गाडी घरी आली तेव्हा सव्वादोन झाले होते आणि वागमणच्या दिशेला आभाळ काळं व्हायला लागलं होतं.

अविराचन चालवायला बसला. किल्ली लावायला गेला तर ती भोकात जाईना. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा पायापाशी पडली.

"चाच्चा," मागून टिन्सी म्हणाली, "उद्या जाऊ या का?"

तो काही बोलायच्या आत सोशाम्माने दार उघडलं. "सरका. मागे जाऊन पोरीजवळ बसा."

"अगं पण," एलीकुट्टी हबकली, "सासूने पायरीवरूनच निरोप द्यायचा असतो. सुनेबरोबर माहेरी जायचं नसतं!"

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"मग सगळ्यांनी चालवावी गाडी," सोशाम्मा म्हणाली आणि बूट घातलेला पाय क्लचवर ठेवला.

घाटात पाऊस गाठणार होताच, गाठलंच त्याने. तुळा महिन्यातला पाऊस म्हणजे बादली उपडी करतात तसा. कड्यावरून पाण्याचे लोट रस्त्यावर, वर विजा. सोशाम्मा दुसऱ्या गिअरमध्ये, एका संथ चालीत उतरत होती. एका वळणावर समोरून बस आली, आपली बाजू सोडून, भोंगा वाजवत. सोशाम्माने ब्रेक दाबला. अविराचनने डोळे मिटून घेतले आणि टिन्सीच्या पुढे आडवा हात धरला. गाडी थोडी कुरकुरली, पाण्यातून वाट धरून राहिली आणि कठड्यापासून दोन हातांवर, जिथे थांबायला हवी तिथे, थांबली. बस पाणी उडवत निघून गेली.

मग सोशाम्माने आरशातून मागे बघितलं. "ठीक आहे ना सगळं?"

"मी ठीक आहे," टिन्सी म्हणाली. "चाच्चांचा हात तेवढा काढा माझ्या नाकावरून."

पाचच्या सुमाराला गाडी तीकोयीच्या घरापुढे आली. पाऊस जरा उतरला होता. शेजारच्या बाया छत्र्या घेऊन वाट बघत होत्या. गाडीचं दार उघडलं आणि चालकाच्या जागेवरून बूट घातलेली विहीणबाई खाली उतरली, तेव्हा त्या सगळ्यांच्या छत्र्या एकदम मागे कलल्या. एलीकुट्टीने कुणाला काही विचारू दिलं नाही. "आधी पोर आत, मग गोष्टी," म्हणत तिने टिन्सीचा दंड धरला. पायरी ओली होती. एक, दोन, तीन, आणि टिन्सी घरात.

अविराचन गाडीतच बसून होता. सोशाम्माने टपावर थाप मारली. "उतरा आता. पोहोचलो."

"पोहोचलो?" त्याने विचारलं.

"मग काय? ती बघा, स्वयंपाकघरात शिरलीसुद्धा."

आतून झाकणं वाजल्याचा आवाज आला, आणि मागोमाग टिन्सीचा, "अम्मा, भात कुठे ठेवलायस? दोघांची भूक लागलीय मला!"